मॉकला ५२, मग गेटला किती?

डिसेंबर-जानेवारीत सांगलीच्या विश्रामबागेतल्या आणि कराडच्या विद्यानगरातल्या अभ्यासिकांमध्ये एक प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारत असतं. तीन तासांचा मॉक, म्हणजे सरावाचा पेपर, संपवून पोरगं लॅपटॉप मिटतं, बाटलीतलं पाणी पितं आणि मागच्या वर्षी गेट, म्हणजे इंजिनिअरिंगनंतर एम.टेक.ला जायची परीक्षा, दिलेल्या एखाद्या सीनिअरला गाठतं. "दादा, मॉकला बावन्न पडले. गेटला किती पडतील?" दादा मनाने चांगला असतो. "दहा वाढतात रे, टेन्शन घेऊ नको," म्हणतो. पलीकडच्या टेबलावरची ताई म्हणते, "दहा कमीच धर." दोघंही आपापल्यापुरतं खरंच सांगत असतात, आणि विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

हा प्रश्न नुसत्या उत्सुकतेपोटी विचारलेला नसतो. कॅम्पसमधून चाकणच्या नाहीतर हिंजवडीच्या कंपनीचं ऑफर लेटर आलेलं असतं. घरून फोन येत असतात: जॉइन व्हायचं, एम.टेक.ला जायचं, की आणखी एक वर्ष थांबून परीक्षा द्यायची? थांबायचं म्हणजे खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, आणि घरातल्या सगळ्यांचंच एक वर्ष. एवढा मोठा निर्णय बऱ्याचदा एका मॉकच्या आकड्यावर टेकवला जातो. म्हणून तो आकडा वाचता आला पाहिजे. माझं म्हणणं इतकंच आहे की मॉकवरून गेटचा अंदाज बांधता येतो, बऱ्यापैकी भरवशाने बांधता येतो. पण तो एका आकड्यात कधीच बसत नाही, आणि मॉक कसा दिला हे ठाऊक नसेल तर अंदाज बांधायलाच जाऊ नये.

सांगलीच्या माणसाला अशा अंदाजाची सवय आहे. ऑगस्टमध्ये कोयनेतून किती क्युसेक सोडले हे घराघरात पाठ असतं. तरी तेवढ्यावरून आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर जाईल हे जाणता माणूस सांगत नाही. तो आधी विचारतो, महाबळेश्वर-वाईकडे पाऊस किती आहे, धोममधून काय येतंय, कोयना-कृष्णेचं एक झालेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून कधी निघालं, आणि हरिपूरला वारणा भरून वाहतेय का. कारण खाली वारणेला जोर असला की वरची कृष्णा पुढे सरकत नाही, फुगते. मग तो म्हणतो, इतक्या ते इतक्या फुटांच्या दरम्यान. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरातला माणूस अचूक आकड्याची वाट बघत बसत नाही. आपल्या उंबऱ्याला पाणी लागेल अशी पातळी त्या अंदाजाच्या टोकाला जरी येत असली तरी तो गाद्या, धान्य, फ्रीज माडीवर चढवायला लागतो. मॉकचा आकडा हा कोयनेच्या विसर्गासारखा आहे. तो महत्त्वाचा आहेच, पण तो आणि निकाल यांच्या मध्ये बरंच खोरं पसरलेलं आहे.

या खोऱ्यात सगळ्यात आधी बघायचं ते हे की पेपर खरोखर नवा होता का. गेटचे जुने पेपर आणि त्यांच्या अधिकृत उत्तरसूची फुकट मिळतात, त्यामुळे प्रत्येक जण धडावार पीवायक्यूचं, म्हणजे मागच्या वर्षांच्या प्रश्नांचं, पुस्तक घेऊन सप्टेंबरपर्यंत ते सोडवून काढतो. ते बरोबरच आहे, अभ्यास तसाच होतो. गडबड पुढे होते. जानेवारीत तोच २०२३ चा पेपर घड्याळ लावून सोडवला जातो आणि ६८ पडतात. हे ६८ स्मरणशक्तीचे आहेत. उत्तर आठवत नसलं तरी "याला असंच सोडवायचं असतं" हे आठवतं, आणि परीक्षेत निम्मा वेळ नेमका तेच शोधण्यात जातो. उपाय सोपा आहे, पण तो जूनमध्येच करावा लागतो. अलीकडच्या तीन वर्षांचे पेपर बाजूला काढायचे, आणि पुस्तकात त्या वर्षांचे जिथे जिथे प्रश्न आहेत तिथे मित्राला पेन्सिलने फुली मारायला सांगायची. मित्राला अशासाठी, की फुली मारताना आपण स्वतः तो प्रश्न वाचतोच. हे तीन कोरे पेपर म्हणजे सगळ्या तयारीतली सर्वात मौल्यवान वस्तू, कारण खुद्द परीक्षा घेणाऱ्यांनी काढलेले, न पाहिलेले प्रश्न दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत.

खाजगी टेस्ट सिरीजमध्येही ओळखीचे प्रश्न असतातच. कधी जुन्याच प्रश्नातले आकडे बदललेले असतात. तेव्हा पेपर झाल्यावर आधी दिसलेल्या प्रश्नांवर खूण करा आणि ते वजा करून बघा. एकूण ५६ पडले, त्यात १० मार्कांचे प्रश्न ओळखीचे निघाले आणि ते सगळे बरोबर आले, तर नव्या ९० मार्कांत तुम्ही ४६ मिळवलेत. शंभराच्या मापात ते ५१ होतात. वहीत ५१ लिहायचे. हात जड होतो, पण ५६ हा आकडा त्या पेपरपुरताच होता.

जुन्या पेपरांबाबत आणखी एक. २०२१ पासून गेटमध्ये एमएसक्यू आले, म्हणजे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात असे प्रश्न. त्यांना निगेटिव्ह मार्किंग नाही, पण अर्धे मार्कही नाहीत. तीन पर्याय बरोबर असताना दोनच निवडले तर शून्य. चार पर्यायांतून निवडीचे पंधरा प्रकार होतात, तेव्हा नुसत्या अंदाजाने इथे काही हाती येत नाही. म्हणून २०१९ चा पेपर आणि २०२४ चा पेपर यांतले मार्क एकाच रांगेत मांडू नयेत. विषय, तास, प्रश्नसंख्या सगळं तेच: ६५ प्रश्न, १०० मार्क, त्यात अ‍ॅप्टिट्यूडचे १५. पण उत्तर देण्याची रीत बदलली की चुकण्याची रीतही बदलते.

आता मॉक कोणत्या परिस्थितीत दिला ते बघू. गेटला दोन सत्रं असतात, सकाळी साडेनऊ ते साडेबारा आणि दुपारी अडीच ते साडेपाच. आपल्याकडे मॉक सुरू होतो रात्री साडेदहाला, कारण तेव्हा अभ्यासिका शांत असते आणि नेट चांगलं चालतं. मध्ये एकदा चहा होतो. पॉज दाबलेलं असतं, पण डोकं चालूच असतं. अडलेला प्रश्न टपरीवर सुटतो. हिशेब मोबाइलवर नाहीतर चार वर्षं वापरलेल्या हातातल्या कॅल्क्युलेटरवर होतो. परीक्षेत मात्र पडद्यावरचा व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर असतो, त्याचं प्रत्येक बटण माउसने दाबायचं. संख्यात्मक उत्तर, ज्याला आपण नॅट म्हणतो, तेही पडद्यावरच्या आकड्यांवर माउस टिचकवूनच भरायचं. कीबोर्डला हात लावायचा नाही. ज्या गणितात वर्गमूळ, घातांक आणि एक त्रिकोणमितीय किंमत लागते तिथे बोटांना सरावलेल्या कॅल्क्युलेटरवर जे झटक्यात होतं त्याला माउसने दुपटीहून जास्त वेळ जातो. आणि त्यावर डिग्री-रेडियन निवडायचं एक बारीकसं बटण आहे, ते बघायचं राहिलं तर पूर्ण बरोबर सोडवलेलं गणित दोन मार्कांनी जातं. असे पंधरा-वीस प्रश्न पेपरात असतात. हातातल्या कॅल्क्युलेटरवर मिळवलेले ५२ परीक्षेत किती होतील हे सांगायला काहीच आधार नाही, कारण शेवटचे सहा-सात प्रश्न वाचायला वेळ उरेल की नाही हेच त्यातून कळत नाही.

म्हणून वहीत एक रकाना "न वाचलेले" असा ठेवावा. तीन तास संपले तेव्हा किती प्रश्नांपर्यंत नजरच पोहोचली नव्हती? हा आकडा मार्कांपेक्षा खरा बोलतो. जो मॉकला दर वेळी आठ प्रश्न न वाचता सोडतो, तो परीक्षेतही साधारण तेवढेच सोडेल. त्या दिवशी कुणाचा हात अचानक वेगाने चालत नाही.

मुलं दुसरा एक हिशेब हमखास करतात. "सिली मिस्टेक धरल्या नाहीत तर साठ होतात." होत नाहीत. सिली मिस्टेक हा मार्कांचाच भाग आहे. प्रश्नातला 'चुकीचे विधान ओळखा' न दिसणं, मिलिमीटर-मीटर विसरणं, उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत मागितलेलं असताना मधल्या पायरीतच आकडा छाटणं, या चुका ज्याच्याकडून महिनाभर दर पेपरात चार-पाच झाल्या, त्याच्याकडून परीक्षेतही होतील. दबावाखाली त्या वाढतात. त्या कमी करता येतात, पण त्या कमी झाल्याचं मॉकमध्ये दिसलं पाहिजे. दिसेपर्यंत बावन्न हे बावन्नच.

आता नशिबाचा भाग. यावर थोडा वेळ घालवायला हवा, कारण सर्वात जास्त फसवणूक इथेच होते. एमसीक्यूत, म्हणजे चारांतला एकच पर्याय बरोबर असतो अशा प्रश्नांत, चुकीला एक मार्काच्या प्रश्नाला एक-तृतीयांश आणि दोन मार्कांच्या प्रश्नाला दोन-तृतीयांश मार्क कापतात. चारही पर्याय सारखेच वाटत असताना डोळे मिटून मारलं तर लांब पल्ल्यात फायदाही नाही, तोटाही नाही. चारातल्या एकदा दोन मिळतात, तीनदा मिळून दोन जातात. दोन पर्याय खोडता आले आणि उरलेल्या दोहोंत एक निवडला तर मात्र सरासरीने दर प्रश्नामागे ०.६७ चा फायदा होतो. म्हणून सगळे जण ते करतात आणि करावंच. पण सरासरी फायदा असला तरी चढउतार किती होतो ते एकदा कागदावर मांडून बघा.

समजा एकीचे ठाम येणाऱ्या प्रश्नांचे ४४ मार्क आहेत. त्याशिवाय दोन-दोन मार्कांचे बारा प्रश्न असे, की ज्यात दोन पर्याय खोडले आणि उरलेल्या दोहोंत ठरत नाही. बारातले सहा बरोबर आले तर १२ मिळाले, सहा चुकांचे ४ गेले, उरले ८. एकूण ५२. पण चारच बरोबर आले तर ८ मिळून ५.३३ जातात, उरतात २.६७; एकूण ४६.६७. आठ बरोबर आले तर १६ मधून २.६७ जाऊन १३.३३, एकूण ५७.३३. बारा वेळा नाणं उडवल्यावर शंभरातल्या साधारण ८५ वेळा छापा चार ते आठ यांच्या मध्येच पडतो. म्हणजे ही मुलगी एका अक्षराचाही जास्त अभ्यास न करता एका रविवारी ४७ आणि पुढच्या रविवारी ५७ मिळवू शकते. घरी फोन जातो, "दहा वाढले." त्याच्या पुढच्या रविवारी ४९ येतात आणि दोन दिवस पुस्तक उघडवत नाही. दोन्ही वेळा तिच्या तयारीत काहीच बदललेलं नव्हतं.

यावर उपाय म्हणजे पेपर सोडवतानाच कच्च्या कागदावर प्रत्येक प्रश्नाच्या आकड्यापुढे एक अक्षर टाकायचं: ठा म्हणजे ठाम, अ म्हणजे अर्धवट, मा म्हणजे मारलेला. अर्धं सेकंद लागतं. उत्तर कळल्यावर हे अक्षर टाकलं तर उपयोग नाही, कारण बरोबर आलेला प्रत्येक प्रश्न मागाहून ठामच वाटतो. मग बेरीज तीन भागांत करायची. ठाम प्रश्नांतून पडलेले मार्क आठवड्यामागून आठवडा फार हलत नाहीत. खरी तयारी तिथे दिसते. ते ३८ चे ४४ झाले तर अभ्यास झाला असं समजावं, एकूण मार्क घसरले तरी. आणि ठाम म्हटलेल्यांपैकी दहातला एकाहून जास्त चुकत असेल तर आधी तिकडे लक्ष द्यावं, नवीन धडा उघडू नये. एकाच ५२ मार्कांच्या दोन मुलांत एकाचे ठाम ४६ असतात आणि दुसऱ्याचे ३३. पहिल्याला फेब्रुवारीत शांत झोप लागायला हरकत नाही. दुसऱ्याच्या ५२ वर घरच्यांनी काही ठरवू नये.

इतकी साफसफाई झाल्यावर मग अंदाज. त्यासाठी शेवटच्या पाच-सहा आठवड्यांतले सहा पूर्ण पेपर घ्या. नवे, वेळेवर दिलेले, न थांबता दिलेले. विषयवार टेस्ट यात धरायची नाही. कुठला धडा विचारलाय हे आधीच माहीत असणं ही अर्धी मदत असते, आणि ती परीक्षेत मिळत नाही. समजा सहांचे आकडे असे: ४८, ५५, ४६, ५८, ५१, ५४. सरासरी ५२. आता गेट हा याच जातीचा सातवा पेपर मानला, तर तो सातांतला सर्वात खालचा असण्याची शक्यता किती? सातांपैकी कुठलाही सर्वात खालचा असू शकतो, म्हणून सातात एक. सर्वात वरचा असण्याचीही सातात एक. म्हणजे ४६ च्या खाली जाण्याची शक्यता सातात एक, ५८ च्या वर जाण्याची सातात एक, आणि मध्ये राहण्याची सातात पाच. याला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही, फक्त एक पथ्य लागतं: सहाही आकडे धरायचे. "त्या दिवशी ताप होता", "तो पेपरच फालतू होता" म्हणून ४६ खोडला की खालचं टोक ४८ वर सरकतं आणि हिशेब खोटा ठरतो. एखादा पेपर मोजायचा नसेल तर ते तो उघडायच्या आधी ठरवावं, मार्क बघून नाही. पेपर खरोखर फालतू असतातही. खाजगी सिरीजमध्ये उत्तरसूची चुकते, नॅटच्या उत्तराची रेंज चुकीची दिलेली असते. तेव्हा तेवढा प्रश्न दुरुस्त करा, पेपर ठेवा.

आकडे चढते असले तर रेघ पुढे ओढायचा मोह होतो. ४६, ५०, ५४, म्हणजे गेटला ५८. तसं धरू नये. वर दाखवलेल्या बारा नाण्यांतून असा चढ सहज तयार होतो. चढ ठाम मार्कांतही असेल तर शेवटचे तीन पेपर जास्त मनावर घ्यावेत, इतकंच.

गेट याच जातीचा सातवा पेपर आहे का, हे तपासायला ते तीन कोरे जुने पेपर कामाला येतात. सिरीजच्या मॉकची सरासरी ४६ आणि कोऱ्या जुन्या पेपरांची ५४ येत असेल तर ती सिरीज तुमच्यासाठी साधारण आठ मार्कांनी कडक आहे. बऱ्याच सिरीज लांबलचक आकडेमोडीने पेपर कठीण करतात. गेट बऱ्याचदा आकडेमोड कमी ठेवतो आणि संकल्पनेला वळसा देतो. हा फरक प्रत्येकाचा वेगळा निघतो, आकडेमोडीत तरबेज मुलाला उलटाही निघतो. म्हणून दादाचे दहा तुमच्या कामाचे नाहीत. आणि तीनच पेपरांवरून काढलेला फरक हाही ढोबळच, तेव्हा आठ आला तर पाच-सहा धरून चालावं.

मॉकमधल्या रँककडे मी फार बघणार नाही. पैसे भरून जानेवारीपर्यंत नेटाने मॉक देणारी मुलं आणि प्रत्यक्ष गेटला बसणारी मुलं हे दोन वेगळे घोळके आहेत. गेटला कॉलेजने सांगितलं म्हणून फॉर्म भरलेले, सहज बघू म्हणून आलेले पुष्कळ असतात. मॉकची रँक त्या छोट्या घोळक्यातली. शिवाय ऑगस्टमधला घोळका वेगळा, जानेवारीतला वेगळा.

आणि मार्क म्हणजे स्कोअर नव्हे, हे घरच्यांनाही समजावून सांगावं. प्रवेश स्कोअरवर होतो, तो हजारपैकी. सूत्रात दोन खुंट्या असतात. खालची खुंटी म्हणजे खुल्या गटाची पात्रतेची मर्यादा: २५ मार्क, किंवा सगळ्यांची सरासरी अधिक एक प्रमाण विचलन (मार्क सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप), यांतलं जे जास्त असेल ते. तिथे ३५० गुण. वरची खुंटी म्हणजे सर्वात वरच्या ०.१ टक्का किंवा दहा परीक्षार्थींची सरासरी, यांतला जो घोळका मोठा असेल त्याची; तिथे ९००. मधलं सगळं त्याच रेघेवर. समजा खालची खुंटी ३० वर आणि वरची ८० वर पडली. मग एका मार्काला ११ गुण. ४६ ला ५२६, ५२ ला ५९२, ५८ ला ६५८. पेपर सोपा निघाला आणि खुंट्या ३६ व ८८ वर गेल्या तर त्याच ५२ ला ५१९ च मिळतात. अर्थात पेपर सोपा असेल तर तुमचेही ५२ राहणार नाहीत, वाढतील. म्हणून "मला पंचावन्न पाहिजेत" असा आकडा भिंतीवर लिहून बसण्यात अर्थ नाही. पेपर कठीण लागला तर पंचेचाळीसही पुरतात. ज्या शाखांचा पेपर एकाहून जास्त सत्रांत होतो तिथे नॉर्मलायझेशनही असतं, म्हणजे वेगवेगळ्या सत्रांचे मार्क एका मापात आणले जातात, तेव्हा सत्र कठीण गेलं म्हणून हॉलमध्ये बसूनच घाबरून जाऊ नये.

आता उंबऱ्याची पातळी. ज्याला एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्य कॉलेजात एम.टेक.ला बसून महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती पाहिजे, त्याला पात्र होणं पुरतं. ४६ ते ५८ हा पट्टा त्याच्यासाठी निर्धास्त आहे. खालचं टोकही मर्यादेच्या बरंच वर आहे, आणि ओबीसी, ईडब्ल्यूएस गटांना ती मर्यादा त्याहून दहा टक्के कमी, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना दोन-तृतीयांश. ज्याला आयआयटी मुंबईतली ठरावीक शाखाच पाहिजे त्याने मागच्या दोन-तीन वर्षांत त्या शाखेत किती स्कोअरवर प्रवेश झाले ते बघून स्वतःचा पट्टा स्कोअरमध्ये मांडावा. पाहिजे तो आकडा पट्ट्याच्या वरच्या टोकाला लागत असेल, तर ते होण्याची शक्यता सातात एक-दोन आहे हे घरात स्पष्ट बोलावं. अशा वेळी हातातलं ऑफर लेटर फाडायचं नसतं. जॉइन व्हायची तारीख बहुधा जून-जुलैत असते आणि निकाल मार्चमध्ये येतो. मध्ये एनआयटींसाठी सीसीएमटी, आयआयटींच्या ऑफर स्वीकारायला कोप, या फेऱ्या होतात. जानेवारीतच नकार कळवायची घाई कुणी लावत नाही. शिवाय स्कोअर तीन वर्षं चालतो. वर्ष थांबायचं की नाही हे एका रविवारच्या ५८ वर ठरवणं म्हणजे कोयनेचा एक दरवाजा बंद झाला म्हणून माडीवर चढवलेल्या गाद्या पुन्हा तळमजल्यावर पसरणं.

बाहेर एम.एस.ला जाणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. जीआरईत परीक्षा घेणारी संस्था, ईटीएस, स्वतःच सरावाचे पेपर देते. पॉवरप्रेपचे दोन फुकट मिळतात. परीक्षा ज्या यंत्रावर चालते तेच ते यंत्र असल्याने त्यांचा अंदाज खाजगी पेपरांपेक्षा कितीतरी जवळ येतो. मुलं नेमके हेच दोन पेपर पहिल्या आठवड्यात "लेव्हल बघायला" उडवतात. लेव्हल दुसऱ्या कशानेही बघता येते. एक परीक्षेच्या महिनाभर आधी द्यावा, दुसरा दहा-बारा दिवस आधी. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई १ तास ५८ मिनिटांची झाली. व्हर्बल आणि क्वांटचे २७-२७ प्रश्न उरले, आणि पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. जुन्या लांब स्वरूपाचे पेपर कुणी दिले असतील तर त्यांवरून आता काही ठरवू नये. प्रश्न कमी म्हणजे एकेका चुकीचं वजन जास्त.

परीक्षेचा दिवस हाही खोऱ्यातलाच एक ओढा. केंद्र कोल्हापुरात किंवा पुण्यात आलं आणि सत्र सकाळचं असलं तर फेब्रुवारीत उसाचा हंगाम जोरात असतो हे लक्षात ठेवावं. पहाटेच्या धुक्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असला की रस्ता त्याच्या वेगाने चालतो. आदल्या रात्री केंद्राच्या गावात मुक्काम करणं जमवावं. आणि शेवटच्या दोन मॉकपैकी एक तरी सकाळी साडेनऊला, घराबाहेर, अनोळखी खुर्चीवर आणि कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या माउसवर द्यावा. त्या पेपरचे मार्क चार-पाचने पडले तर बरंच झालं, परीक्षेआधी कळलं.

राहता राहिला दादाचा प्रश्न. "दहा वाढतात" की "दहा कमी होतात" याचं उत्तर खरं तर आपल्याच गावात आहे, फक्त ते कुणी लिहून ठेवत नाही. फ्लेक्सवर रँक लागतात. त्या मुलांचे मॉकचे मार्क लागत नाहीत, आणि ज्यांचं झालं नाही त्यांचं तर काहीच लागत नाही. फेब्रुवारीत गेटच्या संकेतस्थळावर स्वतःची उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची येते, तेव्हा निकालाआधीच मार्क मोजता येतात. त्याच दिवशी प्रत्येकाने एक ओळ लिहिली तर पुरे. नाव नको. शाखा, वर्ष, सिरीज कुठली, शेवटच्या सहा पेपरांतला सर्वात खालचा, सर्वात वरचा, ठाम किती, आणि गेटला प्रत्यक्ष किती. मेकॅनिकल, मॉक ४६ ते ५८, ठाम ४४, गेट ४९.३३. ज्याला २२ पडले त्याने तर आवर्जून लिहावं, कारण त्याची ओळ नसेल तर बाकीच्या सगळ्या ओळी पुढच्या वर्षीच्या पोरांना खोटा धीर देतील. वालचंदच्या किंवा कराडच्या शासकीय इंजिनिअरिंग कॉलेजच्या एखाद्या वर्गाने तीन वर्षं हे केलं तर पन्नास-साठ जोड्या सहज जमतात, आणि एवढ्या जोड्यांतून कुठली सिरीज किती कडक हे डोळ्यांनी दिसायला लागतं. शंभरपानी वही चालेल. ती अभ्यासिकेत वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवायची, पेनाला दोरा बांधून.